मुका पाऊस, बोलका पाऊस

आमच्या वाईत आषाढातला पाऊस न बोलता पडतो. दिवसचे दिवस कौलं ठिबकत राहतात, कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढतं, पसरणीचा घाट ढगात बुडून जातो. पण आभाळ गडगडत नाही. एखादी वीज चमकलीच तर माणसं हातातलं काम थांबवून वर बघतात. तोच पाऊस हस्तात, दसऱ्याच्या आगेमागे आला की आधी अर्धा तास दवंडी पिटतो, मग घटकाभर कोसळतो आणि निघून जातो. माझी आजी पहिल्याला मुका पाऊस म्हणायची आणि दुसऱ्याला बोलका. मुका का, असं विचारलं की म्हणायची, "त्याचं घर जवळ आहे गं, त्याला ओरडायची काय गरज?" पुढे चौतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि आजीचं हे उत्तर विसरून गेले. निवृत्तीनंतर ढगांविषयी नेटानं वाचायला लागले तेव्हा कळलं, की ती बरोबर होती. मुक्या पावसाचं घर खरंच जवळ असतं.

पावसाळ्यात आपल्या डोक्यावर साधारण पाच-साडेपाच किलोमीटरवर तापमान शून्य अंशाला येतं. त्याच्या वर गेलेल्या ढगात बर्फ तयार होऊ लागतो. वीज निर्माण व्हायची तर बर्फाचे स्फटिक आणि गारेच्या जातीचे मऊ गोळे ढगातल्या वाऱ्यात एकमेकांवर आपटावे लागतात. त्या आपटाआपटीत धन आणि ऋण भार वेगळे होतात. जुलै-ऑगस्टात सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस देणारे बहुतेक ढग या शून्याच्या रेषेपर्यंत पोचतच नाहीत. बर्फ नाही, म्हणून वीज नाही आणि वीज नाही, म्हणून आवाज नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तो मुख्यतः या ठेंगण्या ढगांचा. हस्तातला ढग मात्र दहा-बारा किलोमीटर उंच चढलेला मनोरा असतो.

हे कळलं त्या दिवशी मला स्वतःच्या शिकवण्याची थोडी लाज वाटली. फळ्यावर मी हजारदा काढलेली आकृती डोळ्यांपुढे आली : मधे डोंगर, डावीकडून बाण, डोंगराच्या एका अंगाला पावसाच्या तिरक्या रेघा, दुसऱ्या अंगाला 'पर्जन्यछाया'. ढग म्हणून वर एक फुलकोबी. तो फुलकोबी किती उंच, त्याच्या पोटात पाणी आहे की बर्फ, तो तासाभराचा की दोन दिवसांचा, हे ना मी सांगितलं, ना कुणा पोरानं विचारलं. हे पुस्तक म्हणजे त्या फुलकोबीची उशिरा केलेली भरपाई आहे.

पण निव्वळ ढगांची ओळख करून द्यायला इतकी पानं लागली नसती. दर वर्षी सप्टेंबरअखेर वर्तमानपत्रात एक आकडा येतो : यंदाचा मान्सून सरासरीच्या इतके टक्के. या आकड्याशी माझं जुनं भांडण आहे. जून ते सप्टेंबर देशभराची सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर धरतात आणि बहुतेक वर्षं तिच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे पडतात. आकडा खोटा नसतो, तो कष्टानं काढलेला असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पार्थसारथी आणि मुळे यांनी देशातल्या ३०६ पर्जन्यमापकांच्या जुन्या वह्या जुळवून १८७१ पासूनची मालिका उभी केली. त्या मालिकेखेरीज दुष्काळांचा इतिहास आपल्याला धड सांगता आला नसता. पण टक्केवारी हा गुणपत्रिकेचा तळ आहे. मुलगा गणितात नापास आणि चित्रकलेत पहिला असला, तरी बेरीज छानच दिसते.

२०१९ सालचंच बघा. जून संपला तेव्हा देशात पाऊस सरासरीहून ३३ टक्के कमी. सप्टेंबर संपला तेव्हा त्या एका महिन्याची नोंद सरासरीच्या दीडपट आणि सगळा ऋतू ११० टक्के. मधल्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर पाण्याखाली. २०२३ साली उलटं. ऑगस्टात ३६ टक्के तूट, १९०१ पासून एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आणि ऋतूचा शेरा मात्र ९४ टक्के, म्हणजे सरासरीपेक्षा किंचित कमी. ज्याची सोयाबीन फुलोऱ्यात असताना तीन आठवडे उघडीप पडली, त्याला त्या ९४ टक्क्यांचं काय करायचं? सगळ्या पुस्तकातून मला सांगायचं आहे ते एवढंच, की ऋतूचा पाऊस कमी-जास्त होतो म्हणजे कुठल्या जातीचे ढग, कुठे, किती दिवस उभे राहिले, यात फरक पडतो. आकडा नंतर येतो.

आता जरा जवळून. ढगातला एक थेंबुकला साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा असतो. तो खाली पडतच असतो, पण सेकंदाला सेंटिमीटरभर. इतक्या धिम्या गतीनं निघालेला वाटेत सुकून जातो. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब व्हायचा तर असे दहा लाख थेंबुकले एकत्र आले पाहिजेत. ते कसे येतात, याच्या दोन वाटा आहेत. पहिली टक्करीची : त्यातल्या त्यात मोठा थेंबुकला खाली येताना धाकट्यांना गिळत येतो. दुसरी बर्फाची : शून्याच्या रेषेच्या वर गेलेल्या ढगात स्फटिक आजूबाजूची वाफ ओढून झपाट्यानं फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि खाली येताना वितळतात. महाबळेश्वरचा पाऊस बहुतांशी पहिल्या वाटेचा आहे. तिथे उष्णदेशीय संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे, आणि तिची गंमत अशी की जुलैत ढगात शिरायला विमान लागत नाही. दार उघडलं की ढग आत. तिथल्या मोजणीत दिसतं, की पाऊस प्रचंड असला तरी थेंब बारीक असतात, आणि असतात अगणित. छत्री उलटते ती वाऱ्यानं. थेंबाचा मार असा नसतोच.

मग विदर्भातली झड? बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र सरकत येतं आणि नागपूर-अमरावतीकडे दोन-दोन दिवस एकसारखी धार लागते, ती कुठल्या ढगाची? इथे तिसरी जात येते. उंच मनोरे चढतात, दमतात, त्यांचा माथा पसरतो आणि शेजारपाजारच्या मनोऱ्यांचे माथे मिळून शेकडो किलोमीटरचं एक छत तयार होतं. या छतातून बर्फाची पाकळी-पाकळी सावकाश खाली येते आणि पाच किलोमीटरच्या आसपास वितळते. रडारवर त्या उंचीला एक उजळ पट्टा दिसतो, कारण वितळू लागलेला हिमकण रडारला फार मोठ्या थेंबासारखा भासतो. थोडक्यात, यवतमाळच्या शेतकऱ्याच्या पागोट्यावर पडणारी झड दहा-पंधरा मिनिटांपूर्वी हिमवर्षाव होती. महाबळेश्वरच्या थंडीतला पाऊस जन्मभर पाणीच होता आणि विदर्भातल्या दमटाईतला पाऊस बर्फ होता. वर्गात हे सांगितलं असतं तर पोरांनी मला वेड्यात काढलं असतं.

परिभाषेविषयी इथेच सांगून टाकते. कोशांत या ढगांना राशिमेघ, स्तरमेघ, वर्षास्तरी वगैरे नावं आहेत. नावं चांगली आहेत, पण ती ढगाचा खालून दिसणारा आकार सांगतात. मला उभा छेद दाखवायचा होता, म्हणून मी ठेंगणा ढग, मनोरा आणि छत हे तीन साधे शब्द वापरले. जाणकारांनी रागवावं, पण वाचक सोडून जाण्यापेक्षा ते परवडलं.

हा उभा छेद माणसाला दिसायला लागला तोही अलीकडे. उपग्रहाचा कॅमेरा ढगाचा माथा बघतो : माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि उंच म्हणजे पावसाळी, असा हिशेब पुष्कळ वर्षं चालला. या हिशेबानं कोकणाची फसगत व्हायची. माथे ठेंगणे आणि उबदार, म्हणून चित्रात पाऊस बेताचा; खाली रत्नागिरीत मात्र गटारं तुंबलेली. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिका आणि जपान यांनी मिळून ट्रिम हा उपग्रह सोडला. त्यावर अवकाशातून खाली बघणारं पावसाचं रडार होतं, म्हणजे ढगाचा छेद घेणारी सुरी. त्या सुरीनं एक विलक्षण गोष्ट उघड केली. भारतीय उपखंडात सगळ्यांत उंच आणि उग्र ढग, जिथे पाऊस सर्वांत जास्त तिथे नसतात. ते वायव्येला, हिमालयाच्या पायथ्याशी आणि पाकिस्तानच्या कोरड्या प्रदेशाच्या कडेला उभे राहतात. बंगालच्या उपसागरावर रुंद छतं, सह्याद्रीला ठेंगण्यांची गर्दी आणि कोरडवाहू मुलखात दैत्य. ढगाची उंची आणि पावसाची रास यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

उंचीला एवढं महत्त्व का, याचं उत्तर उष्णतेत आहे. लिटरभर पाण्याची वाफ पुन्हा पाणी झाली की जी उष्णता सुटते, तिच्यावर एक किलोवॉटची शेगडी चाळीस मिनिटं चालेल. एकरभर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर. आता कोकणच्या एका दिवसाचा हिशेब तुम्हीच करा. ही उष्णता ठेंगणा ढग खालच्या थरात सोडतो, मनोरा मधल्या थरात, छत वरच्या; शिवाय छताखाली बर्फ वितळताना आणि थेंब सुकताना हवा उलट गार होते. हवा कुठे तापली यावर वारा कुठून ओढला जाणार ते ठरतं. म्हणजे मान्सूनचे वारे ढग आणतात हे खरं, तसंच ढग मान्सूनचे वारे ओढतात हेही खरं. शाळेत आम्ही पहिलंच वाक्य शिकवलं.

याचा सगळ्यांत सुंदर पुरावा विमानातून आला नाही की संगणकातून. तो आला फोटो बघत बसण्यातून. पुण्याचे हवामानशास्त्रज्ञ सिक्का आणि मूळच्या पुण्याच्या, बंगळूरला काम करणाऱ्या सुलोचना गाडगीळ या दोघांनी १९७३ ते १९७७ या वर्षांची उपग्रहचित्रं रोजची रोज तपासली : भारताच्या रेखांशांवर ढगांचा पूर्व-पश्चिम पट्टा आज कुठे आहे, उद्या कुठे. १९८० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ढगांचा पट्टा विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर जन्मतो, दिवसाला सुमारे एक अक्षांश या चालीनं उत्तरेला सरकतो, जमिनीवर येऊन मुक्काम करतो, मंदावतो. काही आठवड्यांनी समुद्रावरून दुसरा पट्टा निघतो. आपल्याकडच्या आजोबांना ही चाल माहीत होती, फक्त त्यांनी तिला नक्षत्रांची नावं दिली होती. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मधे उघडीप. दर नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. त्या चौकटी पंचांगात पक्क्या असतात आणि ढग पंचांग वाचत नाहीत, एवढंच. पट्टा जमिनीवर मुक्कामाला किती वेळा आला आणि किती दिवस टिकला, यावर ऋतूची बेरीज बरीचशी ठरते. २०२३ च्या ऑगस्टात तो हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसला आणि मधला मुलूख आभाळाकडे बघत राहिला.

वर्षावर्षातल्या फरकाची चर्चा आपल्याकडे एल निनोपाशी सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. प्रशांत महासागराचा मध्य आणि पूर्व भाग तापला की भारतात दुष्काळ, हे समीकरण चहाच्या टपरीवरही माहीत आहे. त्याला खणखणीत अपवाद १९९७ चा. शतकातला एक अतिबलाढ्य एल निनो आणि भारतात १०२ टक्के पाऊस. पाच वर्षांनी, २००२ साली, त्याहून कितीतरी सौम्य एल निनो. हवामान खात्याचा अंदाज १०१ टक्क्यांचा. आणि जुलैत देशभर पाऊस सरासरीच्या निम्म्याच्या आसपास. ऋतू ८१ टक्क्यांवर संपला. या अंदाजामागचं, वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं प्रतिमान १९८८ पासून वापरात होतं, आणि २००१ पर्यंत एकाही वर्षी मोठा दुष्काळ पडला नव्हता. २००२ नंतर ते बाजूला ठेवावं लागलं. त्यावर त्या काळी बरीच कुचेष्टा झाली. मला ती अन्यायाची वाटते. सोळा घटक निवडून, तपासून, जाहीरपणे अंदाज द्यायचा आणि चुकलं की जाहीरपणे चुकायचं, याला धाडस लागतं. गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी पुढे दाखवलं, की विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर ढग पश्चिमेला जमतात की पूर्वेला, हेही एल निनोइतकंच बघायला हवं. १९९७ ला ते पश्चिमेला, आपल्याला अनुकूल होते. २००२ ला उलट. पुन्हा ढगच.

संगणकाचं प्रकरण या पुस्तकात मुद्दाम लहान ठेवलं आहे, कारण ते दर दोन वर्षांनी जुनं होतं. अडचण मात्र जुनीच आहे आणि ती आमच्या जिल्ह्यातच दाखवता येते. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटर, वीसेक किलोमीटरवर पाचगणीला दोन हजारांच्या आत, घाट उतरून वाईत हजाराच्याही आत, आणखी पूर्वेला माणदेशात पाचशेच्या आसपास. ऋतूचा अंदाज देणारं प्रतिमान पृथ्वी ३८ किलोमीटरच्या चौकोनांत तोडायचं. त्या एका चौकोनात महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई एकाच खोलीत राहतात! मे २०२५ मध्ये रोजच्या अंदाजासाठी सहा किलोमीटरचं प्रतिमान आलं, तेव्हा तिघांना वेगळ्या खोल्या मिळाल्या. पण पसरणीवर तयार होणारा ढग एक-दोन किलोमीटरचा. तो अजूनही चौकोनात मावून जातो आणि त्याचं वागणं सूत्रानं अंदाजावं लागतं. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, त्याच शहरात कुलाब्याला ७३. ढगांनी एका जागी ठाण मांडलं आणि शहराचं दुसरं टोक जवळपास कोरडं राहिलं. त्या दिवशीच्या मुंबईची सरासरी काढून कुणाला काय कळणार?

कृत्रिम पावसाबद्दल प्रत्येक व्याख्यानात विचारतात, म्हणून तेही आहे. बारामतीला १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे विमानातून मिठाची भुकटी फवारून प्रयोग झाला, वाढ २४ टक्के निघाली. सोलापूरला २०१८ आणि २०१९ मध्ये नव्या साधनांनी झाला, तिथे वाढ सरासरी १८ टक्के, तीही मर्यादित क्षेत्रात. दोन्ही आकडे मोलाचे आहेत. मात्र बी पेरायला आधी ढग लागतो, तोही पुरेशा ओलाव्याचा. दुष्काळात नेमका तोच नसतो. निरभ्र आभाळाखाली सभा घेऊन विमानाची घोषणा करणाऱ्यांनी ते प्रकरण वाचलं नाही तरी चालेल, त्यांना मत देणाऱ्यांनी जरूर वाचावं.

शेवटचा भाग बदलत्या पावसाचा. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या १९५१ ते २००० या नोंदींवरून दाखवलं, की अतिवृष्टीचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे घटले, आणि दोन्हींची वजाबाकी होऊन सरासरी जागच्या जागी राहिली. टक्केवारीशी माझं भांडण का आहे, ते याहून नेमकं मला मांडता येणार नाही.

पुस्तक सलग वाचायची सक्ती नाही. शेतकऱ्यानं उघडिपीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, शिक्षकांनी आकृत्यांपासून. गणित कुठेही नाही. ज्यांना ते हवं आहे, त्यांना त्याची पुस्तकं मिळतील. माझा तेवढा वकूब नाही.

एक कबुलीही. माझ्या अंगणात हवामान खात्याच्या धर्तीचा पर्जन्यमापक आहे. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की बाटलीत चार चहाचे चमचे पाणी. रोज सकाळी साडेआठला, खात्याच्याच वेळेला, मी ते मापून वहीत लिहिते. २०१९ च्या ऑगस्टात, कृष्णा घाटावर चढली त्याच आठवड्यात, नरसाळ्यात आंब्याचं एक पान आडवं बसलं होतं आणि मी दोन दिवस ते बघितलंच नाही. वहीत त्या दोन तारखांपुढे मिळून अकरा मिलिमीटर आहेत. मी ते खोडलेलं नाही, शेजारी 'पान' असं लिहून ठेवलं आहे. तुम्हीही वही घाला. आकड्याशेजारी आणखी एक रकाना ठेवा : पाऊस मुका होता की बोलका. आणि मे संपायच्या आत नरसाळ्याची जाळी साफ करा.